टोपोशीटवरचा आंबिल ओढा



आपल्या कॉलेजच्या आजच्या अहवालवाचनात बारावी आर्ट्सच्या भूगोलाच्या निकालाला सगळ्यांत जोरात टाळ्या पडल्या. माझ्या मागच्या रांगेतून लगेच आवाज आला, "स्कोअरिंग विषय आहे हो!" भूगोल शिकवण्यात माझी हयात गेली, त्यामुळे हा शब्द मला झोंबतो.

का, ते सांगतो. विद्यार्थी मित्रहो, तुमच्या प्रॅक्टिकलला टोपोशीट, म्हणजे स्थलनिर्देशक नकाशा असतो. प्रमाण 1:50,000, म्हणजे नकाशावरचे 2 सेंटिमीटर हा जमिनीवरचा 1 किलोमीटर. पुण्याच्या शीटवर कात्रजचा डोंगर काढा. समान उंची दाखवणाऱ्या तपकिरी समोच्च रेषा एकमेकींना खेटल्या की चढ तीव्र, हे तुम्ही झोपेतही सांगाल. मग जिथे त्या रेषा दुमडून डोंगराकडे टोक करतात, तिथे बोट ठेवा. ती दरी. पाणी तिथूनच उतरणार, मध्ये कोणाची सोसायटी आहे हे ते विचारत नाही. हाच आपला आंबिल ओढा. कात्रजहून सहकारनगर, दांडेकर पूल करत मुठा नदीला मिळणारा. पेशवाईत कात्रजला तलाव बांधून नळाने शहरात पाणी आणलं, वस्तीतून वाहणारा हा ओढाही वळवला. त्या लोकांना उतार वाचता येत होता.

पानशेत धरण फुटल्याची, 12 जुलै 1961 ची गोष्ट तुम्ही आजीआजोबांकडून ऐकली असेल. तो पूर मुठेचा. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आला तो या ओढ्याचा. काही तासांचा मुसळधार पाऊस, वर डोंगरउतारावर वाढलेलं काँक्रीट, खाली आवळलेलं पात्र. भिंती पडल्या, गाड्या वाहून गेल्या, माणसं गेली. यात भूगोलाच्या पुस्तकाबाहेरचं एकही कारण नाही.

म्हणून प्राचार्यांना एक विनंती. यंदाची क्षेत्रभेट महाबळेश्वरला नेऊ नका. तिथे मुलं स्ट्रॉबेरी खातात आणि अहवाल गेल्या वर्षीचा उतरवतात. (हसू नका, असे अहवाल मी तपासलेत.) त्याऐवजी, मुलांनो, उन्हाळ्यात कात्रजपासून ओढ्याकाठाने चाला. नकाशावर ओढ्याची लांबी दोऱ्याने मोजा, प्रत्येक पुलाखाली पात्राची रुंदी टेपने घ्या. काठावरच्या घरी विचारा, 2019 च्या त्या रात्री पाणी कितव्या पायरीपर्यंत आलं होतं. तो आकडा जर्नलमध्ये लिहा. परीक्षकांनी विचारलं, हा कुठला प्रयोग, तर तुमच्या सरांचं नाव सांगा, माझं नको.