सुकाणू सोडताना

वर्सोव्याहून मढला जाणाऱ्या तरीत बसलो, की माझी नजर कोळ्यांच्या बोटींवर जाते. जाळं ओढायला, इंजिन सांभाळायला, सुकाणूवर बसायला वेगवेगळी माणसं. समुद्रावर एकट्यानं जाणं आमच्या घरी कुणाला मानवलं नसतं. माझ्या नानांचे धाकटे भाऊ दाभोळच्या खाडीत एकटेच शिडाची होडी घेऊन गेले होते. संध्याकाळी होडी पलीकडच्या पुळणीला लागली. शीड वाऱ्यानं भरलेलं, सुकाणू दोरीनं बांधलेलं. आत माणूस नव्हता.

म्हणून १९ ऑगस्ट २००९ ला नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे 'म्हादेई' घेऊन मुंबईहून एकटे पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले, तेव्हा मला कौतुकाआधी धास्तीच वाटली. २०१० च्या मे महिन्यात ते परतले. शिडाच्या नौकेतून एकट्यानं हे करणारे पहिले भारतीय. ५६ फुटांची ती नौका गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधली होती. एवढं धूड एक माणूस हाकतो कसा?

श्रोतेहो, अशा नौकेत डोलकाठीपाशी धावत जावं लागू नये म्हणून शिडांच्या दोऱ्या सुकाणूजवळ आणतात. पुढचं शीड दोरी ओढली की चटईसारखं गुंडाळलं जातं. वारा वाढेल अशी नुसती शंका आली, तरी शीड लहान करायचं; नंतर दोन हात पुरत नाहीत. मागे वाऱ्यावर कलणारं एक पातं असतं. नौका वाट सोडू लागली की ते कलतं आणि पाण्यातल्या वल्ह्याकरवी सुकाणू ओढून तिला परत आणतं. वीज नको, पगार नको! मात्र वारा फिरला की नौकाही त्याच्यामागं फिरते. म्हणून एकटा दर्यावर्दी थोडं थोडंच झोपतो.

मुंबईतच बांधलेल्या सागवानी 'सुहैली'चं हे यंत्र ऑस्ट्रेलियाजवळ निकामी झालं. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी पुढं शिडांचा तोल साधून तिला सरळ ठेवलं आणि १९६९ मध्ये, ३१२ दिवसांनी, कुठंही न थांबता केलेली जगातली पहिली एकट्याची प्रदक्षिणा पुरी केली. अरब खलाशी आग्नेयेच्या वाऱ्याला सुहैली म्हणत.

दोघं असली तर सोपं, असं मला वाटे. ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५ मध्ये लेफ्टनंट कमांडर दिलना आणि रूपा 'तारिणी'तून जग फिरून आल्या. पण एकीनं पहारा द्यायचा, तेव्हा दुसरीनं झोपायचं. म्हणजे दोघींची नौका आळीपाळीनं एकटीचीच.

आणि आपोआप चालणाऱ्या नौकेतून माणूस पडला, तर ती त्याच्यासाठी थांबत नाही. म्हणून छातीला पट्टा, त्याला दोरी, दोरीची कडी नौकेला. दोरी आखूड हवी. पाय घसरला तरी माणूस नौकेतच राहिला पाहिजे.

मे महिन्याच्या सुटीत नाना मला होडीत घेत. खाली बसवून डोक्याचा रुमाल सोडत, एक टोक माझ्या कमरेला बांधत आणि दुसरं स्वतःच्या मनगटाला.