जारचं पाणी, नळाचं पाणी

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आमच्या गल्लीत सकाळी भेटल्यावर कुणी 'कसे आहात' असं विचारत नाही, 'नळ आले का?' असं विचारतात. आपल्या शहराला औरंगाबाद म्हणा, छत्रपती संभाजीनगर म्हणा, नळ पाच-सहा दिवसांनीच येतो आणि उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांवर जातो. त्या दिवशी अम्मी हौद, पिंप, बादल्या, पातेली, सगळं भरून ठेवते. हे पाणी धुण्याला, आंघोळीला, वुजूला. प्यायला मात्र कितीतरी वर्षं आमच्याकडे जार येत होता. निळा, थंडगार, घरपोच.

मग धाकट्या भावाला कावीळ झाली. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, पाणी कुठलं पिता? अम्मी जरा अभिमानानंच म्हणाली, 'विकतचं.' मी तेव्हा बीएस्सीला होते. कॉलेजच्या लॅबमधून जंतुतपासणीच्या तीन कुप्या आणल्या. या कुपीत पाणी भरून ठेवायचं, एक-दोन दिवसांत ते काळं पडलं तर त्यात मैलापाण्याचे जंतू असण्याची दाट शक्यता. एका कुपीत नळ चालू असताना थेट तोटीचं पाणी घेतलं, दुसऱ्या कुपीत हौदातलं, तिसऱ्या कुपीत जारचं. दोन दिवसांनी हौदाची कुपी काळी होती आणि जारचीही काळी होती. तोटीच्या पाण्याची कुपी होती तशीच राहिली.

एका घरातल्या तीन कुप्यांवरून शहराचा निष्कर्ष काढता येत नाही, हे मला कळतं. पुढच्या पावसाळ्यात आमच्या तोटीचीही कुपी काळी पडली. पण 'विकतचं म्हणजे शुद्ध' ही समजूत त्या दिवशी आमच्या घरातून गेली.

आता जार म्हणजे नेमकं काय ते बघू. सीलबंद बाटलीवर कंपनीचं नाव, परवाना क्रमांक, बॅच आणि तारीख असते. 'पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर' साठी मानक ठरलेलं आहे, आयएस १४५४३. घरी येणाऱ्या थंड पाण्याच्या जारवर यातलं काहीच नसतं. सील नसल्यामुळे तो 'पॅकेज्ड' या व्याख्येतच नीट बसत नाही, म्हणून त्याच्यावर लक्ष कुणी ठेवायचं हेही धड ठरत नाही. एखाद्या शेडमध्ये बोअर असते, एक आरओ मशीन असतं, एक चिलर असतो, की धंदा सुरू. पाणी चांगलं असेलही. पण तो जार आधी कुणाच्या घरी होता आणि कशानं धुतला, हे तुम्हाला सांगणारं कुणी नाही.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी या भागात गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले, ते तुम्हाला आठवत असेल. दूषित पाण्यावर संशय गेला आणि महापालिकेनं नमुने तपासले. विहिरीच्या पाण्याबरोबर खासगी आरओ प्रकल्पांचं पाणीही पिण्यास अयोग्य निघालं आणि असे अनेक प्रकल्प बंद करावे लागले. नळाच्या पाण्याला घाबरून लोक ज्या दारात गेले होते, त्या दारात ही परिस्थिती होती.

यामागचं कारण साधं आहे. नळाच्या पाण्यात थोडा क्लोरीन शिल्लक ठेवलेला असतो. तोटीपर्यंत लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरावा असा नियम आहे. तुम्हाला जो वास आवडत नाही ना, तो पहारेकरी आहे. आरओमध्ये हा क्लोरीन आधीच काढून टाकतात. म्हणजे मशीनमधून बाहेर आलेलं पाणी स्वच्छ असलं तरी पुढे कुणाचा हात लागला, जार घाण असला, तर त्याला वाचवणारं काही उरत नाही.

आणि ते टीडीएसचं मीटर! विक्रेता दारात येतो, मीटर पाण्यात बुडवतो, 'बघा ताई, चारशे' म्हणतो आणि आपण घाबरतो. तो आकडा पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आहे. जंतू त्यात दिसतच नाहीत. भारतीय मानकात ५०० पर्यंतचं पाणी चांगलं धरलंय आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतलंय. बोअरचं पाणी खरंच खारट असेल तर आरओचा उपयोग आहे, नाही कोण म्हणतं? पण घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना बहुतेक वेळा त्याहून जास्त पाणी मोरीत सोडतो. ज्या गावात नळ आठ दिवसांनी येतो, तिथे हा हिशेब करायला हवा.

सीलबंद बाटली? प्रवासात, इस्पितळात, पुरात मी ती घेते, त्यात लाज नाही. पण तीही डोळे मिटून नको. २०२४ च्या शेवटी अन्नसुरक्षा प्राधिकरणानं बाटलीबंद पाणी 'जास्त जोखमीच्या' पदार्थांत टाकलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांना बाटलीबंद पाण्यात लिटरमागे सरासरी दोन लाख चाळीस हजारांच्या आसपास प्लास्टिकचे सूक्ष्म कण सापडले. शरीरावर त्याचा काय परिणाम होतो, ते अजून शोधलं जातंय.

म्हणजे नळाचं पाणी उत्तम, असं म्हणून मी खाली बसणार नाही. आपला नळ दोन पाण्यांच्या मधल्या दिवसांत रिकामा असतो. रिकाम्या पाइपात दाब नसतो. पाइप जिथे फुटलाय आणि शेजारून गटार गेलंय, तिथे घाण आत शिरते. वरून आपण नळाला थेट मोटर लावतो. मोटर पाणी ओढते तशी ती घाणही ओढते, आणि शेजारच्या चाचींच्या घरी धार येत नाही ते वेगळंच. आपल्या गल्लीत किती मोटरी आहेत? हात वर करू नका, मला माहीत आहे. आमच्याकडेही होती.

आता आमच्याकडे काय चालतं ते सांगते. नळ आल्यावर पहिली दहा मिनिटं पाणी संडासाच्या टाकीत जातं. मग प्यायचं वेगळं भरतो. अम्मी तुरटी फिरवायची. तुरटीनं गाळ बसतो, जंतू मरत नाहीत, हे तिला पटायला महिना लागला. उकळी फुटल्यावर एक मिनिट पाणी उकळू देतो आणि झाकूनच गार करतो. माठाला तोटी बसवली, ज्या भांड्याला तोटी नाही त्यात लांब दांड्याचं ओगराळं. हौद महिन्यातून एकदा घासतो. तो माझा आणि भावाचा रविवार असतो, आणि दर वेळी भांडण होतंच.

जार रोज तीस रुपयांना धरला तर महिन्याचे नऊशे, वर्षाचे अकरा हजारांच्या आसपास. घरी जाऊन पाणीपट्टीची पावती शेजारी ठेवून बघा. पण पैशापेक्षा मला दुसरी गोष्ट खटकते. ज्याला जार परवडतो, तो नळाबद्दल भांडायचं सोडून देतो. जायकवाडीवरून पाणी आणायच्या नव्या योजनेचं भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झालं. तेव्हा खर्च १६८० कोटी होता, पुढे तो २७४० कोटींवर गेला. वॉर्डातल्या किती सभांना आपण गेलो? जार घेणारे गेले नाहीत, आणि ज्यांना जार परवडत नाही त्यांना कामावरून सुट्टी मिळाली नाही.

याच शहरात चारशे वर्षांपूर्वी मलिक अंबरनं डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या नहरींनी, नुसत्या उतारावर, पंपाशिवाय हौदांपर्यंत आणलं. मदिन्यातल्या रूमा विहिरीचा किस्सा तुम्ही लहानपणी ऐकलाय. तिथलं पाणी विकत मिळायचं, हजरत उस्मान यांनी विहीर घेऊन सगळ्यांना खुली केली. आणि आपण रमजानच्या इफ्तारला काय वाटतो? दोनशे मिलीच्या प्लास्टिकच्या बाटल्या, अर्ध्या पिऊन टाकलेल्या. मोहर्रमच्या सबीलमध्ये निदान पेला धुऊन परत भरतात.

मागच्या टेबलावर चाळीस कुप्या ठेवल्यात. एकीवर 'तोटी', एकीवर 'साठवण', एकीवर 'जार' अशी चिठ्ठी लावायची आणि तारीख, वेळ, गल्ली लिहायची. म्हणजे तेरा घरं झाली, एक कुपी उरते. ती इथल्या कूलरसाठी ठेवू, सकाळपासून सगळे त्याचंच पाणी पिताहेत. दोन दिवसांनी निकाल लिहून आणा. तोटीच्या कुप्या काळ्या निघाल्या तर पाणीपुरवठा विभागात अर्ज द्यायचाय आणि माहितीच्या अधिकारात आपल्या वॉर्डातल्या क्लोरीन तपासणीच्या नोंदी मागायच्यात. अर्जाचा कच्चा मसुदा मी मराठीत आणि उर्दूत आणलाय. ज्यांचं अक्षर चांगलं आहे त्यांनी जेवणाआधी मला भेटा.