राज्य पडले, चाकर पळाले
(मोहगाव, तालुका सौसर, येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



राज्य पडते तेव्हा झेंडा उतरतो, पुतळे हलतात. पण ज्यांच्या हातात कालपर्यंत दंडुका होता ते चाकर कुठे जातात? आपण विजयाचे पेढे वाटत असतो आणि ते गाठोडे बांधत असतात. आज याच प्रश्नाचा विचार करू.

गोव्यात पन्नाशीच्या दशकात सत्याग्रहींना 'एजंट मोंतेरो' हे नाव कापरे भरवी. कासिमिरो मोंतेरो हा पोर्तुगीज पोलिसांचा माणूस. छळ हेच त्याचे शस्त्र. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, पण हा निसटला. भारत व पोर्तुगाल यांचे राजनैतिक संबंध १९५५ साली तुटले ते १९७४च्या अखेरीस जुळले. मग त्याला मागायचे कोणाकडे? तिकडे त्याला शिक्षा तर झाली नाहीच, उलट 'पिडे' या गुप्त पोलिसांत काम मिळाले. १३ फेब्रुवारी १९६५ रोजी सालाझारचे विरोधक जनरल उंबेर्तु देलगादु यांचा स्पेनच्या हद्दीत खून झाला, त्यात तो होता. पाहा, एका ठिकाणी सुटलेला जुलमी दुसऱ्या ठिकाणी तेच करतो. म्हणून त्याला पकडणे हे निव्वळ मागचे उट्टे काढणे नव्हे.

२५ एप्रिल १९७४ रोजी पोर्तुगालातली हुकूमशाहीही कोसळली. पिडेचे अनेक लोक कैदेत पडले. पण जून १९७५ मध्ये त्यांतले ८९ जण तुरुंगातून पळाले. देलगादु खटल्याचा निकाल १९८१ साली लागला. मोंतेरोला शिक्षा झाली ती गैरहजेरीत. १९९३ मध्ये तो दक्षिण आफ्रिकेत मेला. त्याच खटल्यातला अधिकारी रोझा काझाकु १९९८ साली माद्रिदमध्ये सापडला, तरी स्पेनने त्याला पोर्तुगालच्या हवाली केले नाही.

असे का होते? आमच्या मोहगावाहून महाराष्ट्राची हद्द जवळ. १९५६ साली नागपूर मुंबई राज्यात गेले, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. तरी सौसरात गुन्हा करून कोणी नागपुरात लपला तर वॉरंट तेथेही बजावता येते, कारण देश एक, कायदा एक. दोन देशांत तसे नाही. तेथे करार लागतो, पुरावा लागतो, आणि मुदतीचा प्रश्न येतो. रापणीचे एक टोक किनाऱ्याला आले आणि दुसरे समुद्रातच राहिले, तर मासळी मिळेल काय? पकडवॉरंट हे एक टोक. पुरावा हे दुसरे.

आता मराठवाड्याकडे या. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचे राज्य संपले. पंतप्रधान लायक अली नजरकैदेत होते. मार्च १९५० मध्ये ते निसटून पाकिस्तानात गेले. रझाकारांचा पुढारी कासिम रझवी याच्यावर खटला चालला. शिक्षा भोगून १९५७ साली सुटला आणि तोही पाकिस्तानात गेला. पण गावोगाव काय घडले? पंडित सुंदरलाल समितीच्या अंदाजाप्रमाणे २७ ते ४० हजार माणसे मेली. त्यांत असंख्य साधे मुसलमान शेतकरी, विणकर, कारागीर होते. उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा येथे सर्वांत जास्त. रझाकारांनी गावे जाळली हे खरे. पण त्याची किंमत रझाकार नसलेल्यांनी मोजली. मी हिंदू आहे, देवळाच्या गावात राहतो, म्हणून हे मीच बोलले पाहिजे. अधिकारी पळून जातो आणि शेजारी मारला जातो, याला न्याय म्हणत नाहीत. खरा गुन्हेगार नावानिशी कोर्टापुढे उभा राहिला, तरच त्याच्या जातीधर्माच्या माणसावर सूड उगवला जात नाही.

निराश मात्र होऊ नका. सीरियाच्या गुप्तहेर खात्यातला कर्नल अन्वर रस्लान जर्मनीत आश्रयाला गेला होता. दमास्कसच्या तुरुंगात छळ सोसलेले लोकही तेथेच पोचले होते. २०१९ मध्ये त्याला अटक झाली, त्या लोकांनी साक्षी दिल्या आणि १३ जानेवारी २०२२ रोजी कोब्लेन्झच्या कोर्टाने जन्मठेप दिली. सीरियातली राजवट पडली ती त्यानंतर, डिसेंबर २०२४ मध्ये! राज्य पडण्याआधीच चाकर गजाआड गेला, कारण साक्षीदारांनी नाव, जागा आणि तारीख जपली होती.

तेव्हा तुमच्याकडे मागणे एवढेच. घरातल्या म्हाताऱ्यांनी पूर्वी काय सोसले ते विचारा. कोणी मारले, कोणत्या चौकीत, कोणत्या साली, सोबत कोण होते, हे वहीत लिहा. जे डोळ्यांनी पाहिले ते वेगळे लिहा, ऐकीव ते वेगळे. एकाचा गुन्हा त्याच्या साऱ्या जमातीच्या नावावर मांडू नका. मोंतेरोवर खटला चालवायला आता उशीर झाला आहे. पण उद्या कोणा नव्या मोंतेरोला पकडायची वेळ आली, तर साक्ष कशी द्यायची हे आपल्या मुलांना ठाऊक असले पाहिजे.