पेणला मतपेटी गावात आली

महंमद तुघलकानं १३२७ साली राजधानी आमच्या दौलताबादला हलवली, तेव्हा इथल्या शेतकऱ्याला कुणी विचारलं नसणार. रायगडमध्ये पेणला मात्र विचारलं गेलं. रिलायन्सच्या महामुंबई सेझला हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांचा विरोध होता. २१ सप्टेंबर २००८ला सरकारनं तिथं शेतकऱ्यांचं मतदान घेतलं. पुढं सेझ बारगळलं.

आता डेटा सेंटरांचे दिवस आहेत. त्यांना अखंड वीज लागते, यंत्रं थंड ठेवायला बहुधा पाणीही, आणि आमची सीताफळं तर पावसाच्या भरवशावर! शेतीचा हिरवा पट्टा बदलायचा तर नोटीस राजपत्रात, वर्तमानपत्रात येते. हरकतीला साधारण महिनाभर मिळतो. तो महिना नेमका पेरणीचा निघाला, तर नोटीस वाचणार कोण? पेणला मतपेटी गावातच आली होती.