सूर्यास्ताआधीची वाटी

श्रोतेहो, कवितेवर बोलायचे म्हटले की लोक रेडिओचा आवाज कमी करतात आणि पाककृती म्हटली की वही शोधतात. आज वही घेऊनच बसा.

पदार्थ आहे तिरामिसू. नाव इटालियन, अर्थ साधारण ‘मला वर उचल’ असा. म्हणजे खाल्ल्यावर तरतरी आणणारा. उत्तर इटलीतल्या त्रेव्हिझो शहरात, ‘ले बेक्केरिए’ नावाच्या रेस्तराँमध्ये, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तो घडला असे बहुतेक जण मानतात. कॉफीत बुडवलेली लांबट कोरडी बिस्किटे, त्यावर अंड्याचा कच्चा बलक आणि मास्कारपोने नावाचे मऊ चीज फेटून केलेला थर, पुन्हा बिस्किटे, पुन्हा थर, वर कोको. भट्टी नाही, ओव्हन नाही. पुढे त्यात मद्य घालायची रीत पडली. त्या रेस्तराँच्या मूळ कृतीत ते नव्हते, असे तिथले मालक सांगत आले.

ऐकताना वाटते काहीतरी साहेबी प्रकरण आहे. पण शाही तुकडा म्हणजे तरी काय? भिजलेल्या पावावर रबडी. फिरनीही मातीच्या सकोऱ्यात गार होत, थिजत बसते. आणि कॉफी म्हणाल, तर येमेनमधल्या मोखाहून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात रुजवल्या त्या बाबा बुडन या सूफी संतांनी, सतराव्या शतकात, अशी आख्यायिका आहे. त्या डोंगराला आजही त्यांचेच नाव आहे आणि तिथे हिंदू-मुसलमान दोघेही जातात.

आम्ही घाटकोपर पूर्वेला राहतो. इमारतीत बहुतेक बिऱ्हाडे गुजराती, त्यांत जैन पुष्कळ. मुंबईत घर शोधताना नाव सांगितले की ‘जागा आत्ताच गेली’ असे ऐकणे आमच्या लोकांना नवे नाही. त्यामुळे मिळालेल्या शेजाराची किंमत आम्हाला जरा जास्तच कळते. ईदचा शिरखुर्मा मी सगळीकडे पाठवते. समोरच्या बेन वाटी हसून घेत, आणि ती त्यांच्याकडे कोणी खात नाही, हेही मला ठाऊक होते. मनाला लावून घ्यावे असे त्यात काही नव्हते. आमच्या स्वयंपाकघरात मांस शिजते; त्याच पातेल्यातली खीर त्यांनी का खावी?

एका रमजानात मी त्यांना सरळच विचारले, “तुम्हाला चालेल असे काय करू?” त्या विचार करून म्हणाल्या, “गार काहीतरी करा. अंडे नको, जिलेटिन नको. आणि आमच्यात वासी चालत नाही, बेन. बिस्किट भिजले की त्याच दिवशी संपले पाहिजे, तेही सूर्य मावळायच्या आत.”

झाली का पंचाईत! हा पदार्थ रात्रभर मुरतो तेव्हा कुठे जमतो. शिवाय सूर्य मावळला की त्यांचे जेवण बंद होते आणि आमचा रोजा नेमका तेव्हाच सुटतो. एकाच क्षणाच्या अलीकडे त्या, पलीकडे मी. मार्चात मुंबईचा सूर्य पावणेसातच्या आसपास मावळतो. म्हणजे सगळी मांडणी दिवसाच व्हायला हवी.

मास्कारपोनेच्या जागी मी घेते चक्का. तुम्ही म्हणाल, हे तर श्रीखंड झाले. निम्मे खरे आहे. मास्कारपोने गोडसर असते, चक्का आंबट. म्हणून दही अगदी ताजे, नुकते लागलेले हवे. दीड लिटर सायीच्या दुधाचे दही मलमलच्या फडक्यात बांधायचे, पण मुंबईच्या उन्हाळ्यात खुंटीला टांगू नका, आंबेल. चाळणीत ठेवून, खाली पातेले, फ्रिजमध्ये रात्रभर. बेनच्या घरी दह्याला रात्रीची आडकाठी नाही. बिस्किट मात्र सकाळीच भिजवायचे.

सहेरी आणि फजरची नमाज झाली की मी कामाला लागते. अर्धा किलो चक्का, दीडशे ग्रॅम पिठीसाखर, पुरणयंत्रातून एकदा काढायचे. साखर वजनानेच घ्या. रोज्यात मला चाखता येत नाही, म्हणून ही सवय लागली आणि ती चांगली आहे. मग शंभर मिलिलिटर साय, हलक्या हाताने. पुड्यातल्या २५ टक्के स्निग्धांशाच्या क्रीमला फेटून तुरे येत नाहीत, हात दुखवून घेऊ नका. चक्का घट्ट असला की जिलेटिनची गरजच पडत नाही.

कॉफी फिल्टरचीच हवी. चार चमचे पूड, कपभर उकळते पाणी, आणि डिकॉक्शन पूर्ण गार. चिकोरी असलेली पूड चालते. तिचा कडवटपणा चक्क्याला शोभतो.

आता बिस्किट. ग्लुकोजचे बिस्किट माझ्या जिव्हाळ्याचे. विलेपार्ल्याचा पार्लेचा कारखाना २०१६ साली बंद झाला, तोवर लोकलने जाताना स्टेशनच्या आधी त्याचा वास यायचा. पण या कामाला ते कच्चे. कॉफीत जाताच मान टाकते. मारी घ्या, पुड्यावरची हिरवी खूण पाहून. तीन सेकंद, दोन्ही बाजू, आणि बाहेर. मधून किंचित कोरडे राहिले तरी काळजी नको. उरलेला ओलावा ते चक्क्यातून घेते. गोल बिस्किटांमधल्या फटी तुकड्यांनी भरा. सहा वाट्यांना चोवीस बिस्किटे पुरतात, प्रत्येकीत दोन थर.

वाट्या काचेच्या. बेन आदल्या संध्याकाळी चार वाट्या आणि एक चमचा त्यांच्या घरून पाठवतात. पुरणयंत्र, चाळणी, पातेले हे गोडाचे सामान मी त्यांच्या विचारण्यापासून वेगळेच ठेवले आहे. त्यांच्या वाट्या आधी भरते, झाकते, मग आमच्या दोन.

सकाळी सातला ठेवलेले दुपारी चारपर्यंत चमच्याने कापता येते. कोको मात्र वाढताना चाळणीने भुरभुरायचा, आधी घातला तर ओला होऊन काळा पडतो. पाच वाजता त्यांची मुलगी ताट घेऊन येते. साखर बरोबर आहे का, हे मला आमच्या इफ्तारच्या आधी तिच्याकडूनच कळते. गेल्या वर्षी निरोप आला, कॉफी थोडी वाढवा.

आमची एक वाटी बहुधा रात्री उरते. दुसऱ्या दिवशी ती जास्त मुरलेली, जास्त चांगली लागते. पण तो भाग आमच्याच वाट्याचा, पहाटे सहेरीला संपतो.