आईबापांचें दौर्बल्य आणि देवाची कृपा
(धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं केलेलें भाषण)



आज आपण देवळाच्या भिंतींचीं वर्षें मोजीत आहों. परंतु ज्या घरांच्या आधारावर हें देऊळ उभें आहे, त्यांतील कित्येक घरांत आजार आहे, कर्ज आहे, ऐकेनासा झालेला मुलगा आहे. तेथील आईबाप मला म्हणतात, "फादर, आम्हीच दुबळे, मुलांस श्रद्धा काय शिकविणार?"

त्यांस मी फ्रान्स देशांतील आलांसों येथील एका दांपत्याची हकीकत सांगतों. लुई मार्तें हे घड्याळजी, झेली ही लेस विणणारी. १८५८ सालीं त्यांचा विवाह झाला. नऊ अपत्यांपैकीं चार बालपणींच देवाघरीं गेलीं. १८७३ सालीं जन्मलेली धाकटी तेरेझा इतकी अशक्त होती कीं, तिला खेड्यांतील दाईकडे ठेवावें लागलें. लेओनी हट्टी व अभ्यासांत मागें. शाळेनें तिला घरीं धाडिलें. १८७७ सालीं झेली स्तनाच्या कर्करोगानें वारली. पुढें लुईंस मेंदूचा विकार जडला, आणि १८८९ पासून तीन वर्षांहून अधिक काळ त्यांस मनोरुग्णालयांत काढावा लागला.

अशा घरांत मुलांस देण्याजोगें काय उरलें होतें? आईबाप पहांटे मिस्सेस जात, मुलांना घेऊन प्रार्थना करीत, आणि मेलेल्या लेंकरांसाठीं रडतांनाही देवाचा हात सोडीत नसत. लेओनीचा नाद झेलीनें अखेरपर्यंत सोडिला नाहीं. तीच लेओनी तीनदां मठांतून परत आली, व १८९९ सालीं चौथ्यानें गेली ती कायमची. तेरेझा १९२५ सालीं संत म्हणून घोषित झाली. १८ ऑक्टोबर २०१५ रोजीं पोप फ्रान्सिस ह्यांनीं त्या आईबापांसही संतपद दिलें. मनोरुग्णालयांतील तीं वर्षें त्या पदाच्या आड आलीं नाहींत.

म्हणून आईबापहो, आपलें दुःख मुलांपासून लपविण्याची पराकाष्ठा करूं नका. तें घेऊन त्यांच्यादेखत गुडघे टेका. मंदबुद्धि लेंकराची हुशार भावंडाशीं तुलना करूं नका. घरांत कोणाचें मन आजारी असेल, तर लोकलाजेस्तव त्यास मागच्या खोलींत कोंडूं नका. वैद्याकडे न्या, आणि रोजरीच्या वेळीं त्यास आपल्या शेजारीं बसवा. मुलें आपलें बळ विसरतील. आपण दुर्बल असतांना कोणाचा आधार शोधिला, हें तीं विसरणार नाहींत.

प्रभु येशू, पवित्र मरिया व संत योसेफ ह्या धर्मग्रामांतील प्रत्येक घराच्या पाठीशीं असोत. आमेन.