बहिणीची सही



नात्यांविषयी बोलायला तुम्ही मला बोलावलंत. पण सोलापूरच्या नवी पेठेत नात्यांविषयी बोलायचं आणि दुकान वगळायचं, हे कसं जमणार? इथल्या कितीतरी घरांत बाप-लेक दिवसभर एकाच गादीवर असतात. घरची मुलगी मात्र पुण्याला, नाहीतर लातूरला नांदते. वडील गेल्यावर काही महिन्यांनी तिला फोन येतो, "ताई, एक सही हवीय. येताना आधार कार्ड आण."

ठरल्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयात सगळे जमतात. हक्कसोडपत्र वाचून कुणी दाखवत नाही. कुणीतरी पानोपानी बोट ठेवतो, इथे सही, इथे अंगठा. दुपारी घरी शेंगापोळीचं जेवण, निघताना साडी. भाऊ निर्धास्त होतो, बहिणीने आनंदाने सही केली म्हणून. पुढच्या संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेला ती येत नाही. मुलांच्या परीक्षा आहेत म्हणते. जानेवारीत कसल्या परीक्षा?

हिंदू कुटुंबांपुरता कायदा थोडक्यात सांगतो. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा जन्मसिद्ध हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. केंद्राच्या दुरुस्तीने ९ सप्टेंबर २००५ पासून विवाहित-अविवाहित हा भेद गेला. त्या दिवशी वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क बुडत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात दिला. वडिलांच्या स्वकष्टाच्या मिळकतीत तर, मृत्युपत्र नसेल तेव्हा, मुलगी १९५६ पासूनच बरोबरीची वारस आहे.

पण माझ्या मते बहिणीच्या मनाला दुकानाचा हिस्सा गेल्यापेक्षा, आपल्याला कुणी विचारलंच नाही हे जास्त लागतं.

भावाची बाजूही खोटी नसते. कॉलेज अर्धवट सोडून तो गादीवर बसलेला असतो. आईचं आजारपण, थकलेली उधारी, कापडाला उठाव नसलेली वर्षं त्यानेच काढलेली असतात. मग ते तिला आकड्यांसह सांगावं. ‘सगळं मीच केलं’ म्हटलं की भांडण लागतं. आईच्या औषधाला इतके गेले, दुकानाचं कर्ज इतकं फेडलं, असा हिशोब मांडला की बहिणीला निदान विचार करता येतो.

बहिणींनो, तुम्हीही मनात हवं असताना तोंडाने ‘मला काही नको’ म्हणू नका. चारचौघांत मोठेपणा घ्यायचा आणि पुढे वर्षानुवर्षं वहिनीवर राग काढायचा, यात त्या बिचारीचा काय दोष? खरंच नको असेल तर खुशाल सोडा. राजीखुशीने हक्क सोडणाऱ्या बहिणी आहेत. हिस्सा घेऊनही भाऊबीजेला हक्काने येणाऱ्या बहिणीही आहेत.

आता वडीलमंडळी. सगळ्यात जास्त जबाबदारी तुमची, आणि नेमके तुम्हीच गप्प. दिवाळीला चोपड्या पुजायच्या, जीएसटी वेळेवर भरायचा आणि घरचा हिशोब मात्र ‘माझ्या माघारी बघा’ म्हणून पोरांवर टाकायचा, हे मला मुळीच पटत नाही. आपल्या वाट्यापुरतं आणि आपल्या कमाईपुरतं मृत्युपत्र तुम्ही करू शकता. दोन साक्षीदारांनी त्यावर सह्या करायच्या, नोंदणी सक्तीची नाही. त्याआधी मुलीला एकटीला विचारा. जावई समोर असताना ती एक सांगेल, भाऊ समोर असताना दुसरं.

आणि ज्यांच्या घरी असं हक्कसोडपत्र सध्या तयार होतं आहे, त्यांना माझी विनंती आहे. तेराव्याच्या मांडवात तो विषय काढू नका. मसुदा आधी बहिणीच्या हाती द्या, तिला हव्या त्या वकिलाकडून वाचून घेऊ द्या, पंधरा दिवस थांबा. ती नाही म्हणाली, तर त्या दिवशी तरी तिच्याशी भांडू नका.